समानव आंतरग्रहीय अंतराळयानांची संकल्पचित्रे

समानव आंतरग्रहीय अंतराळयानांची संकल्पचित्रे म्हणजे माणसांना घेऊन मंगळ, गुरू, शनी यांसारख्या ग्रहांकडे जाऊ शकतील अशा, परंतु अद्याप बांधल्या न गेलेल्या यानांची, त्या त्या काळच्या अभियांत्रिकी ज्ञानाच्या आधारे काढलेली चित्रे होत. आजवर एकही मनुष्य दुसऱ्या ग्रहाजवळ पोहोचलेला नाही. त्यामुळे अशा यानाचे छायाचित्र अस्तित्वातच नाही. पुस्तकांत, वृत्तपत्रांत आणि पडद्यावर जे दिसते ते सर्व चित्रच असते. मात्र त्यांतील काही चित्रांमागे शेकडो पानांचे तांत्रिक अहवाल आहेत, तर काहींमागे केवळ चित्रकाराची हौस आहे. या दोहोंतील फरक ओळखता येणे हा या विषयाच्या अभ्यासाचा गाभा आहे.

संज्ञा व व्याप्ती

नियोजित पूल, स्मारक किंवा मेट्रो स्थानक यांच्या बातमीसोबत मराठी वृत्तपत्रे जे चित्र छापतात, त्याखाली 'संकल्पचित्र' असा शब्द असतो. तोच शब्द येथे योग्य ठरतो. 'कल्पनाचित्र' हा जवळचा शब्द आहे. पण कल्पनाचित्राला वास्तवाचे बंधन नसते. संकल्पचित्रामागे कोणाचा तरी संकल्प, म्हणजे काही करण्याचा आराखडा असतो. यानाचे वजन किती, त्याला ऊर्जा कोठून मिळणार, प्रवासास किती दिवस लागणार, या प्रश्नांची निदान ढोबळ उत्तरे त्या आराखड्यात दिलेली असतात आणि चित्र त्या उत्तरांना बांधलेले असते.

पृथ्वीभोवतीची अंतराळस्थानके, चांद्रयाने आणि मनुष्यविरहित शोधयाने यांची चित्रे या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळाकडे निघाले, पण ते निर्मनुष्य होते; गगनयान समानव आहे, पण त्याची मजल पृथ्वीच्या कक्षेपुरती आहे. दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारी यानेही येथे अभिप्रेत नाहीत. 'नजीकचा भविष्यकाळ' ही मर्यादा सैल असली, तरी ज्ञात भौतिकशास्त्रात बसणारी आणि काही दशकांत साधता येईल असे अभियंत्यांना वाटलेली याने, असा तिचा अर्थ सामान्यपणे घेतला जातो.

इतिहास

आरंभ

रशियन विचारवंत कन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९३३च्या सुमारास एका चित्रपटासाठी अंतराळप्रवासाच्या रेखाटनांची वही तयार केली. रेखाटने साधी, जवळजवळ शाळकरी आहेत. पण वजनरहित अवस्थेत माणूस यानात कसा वावरेल हे त्यांत विचारपूर्वक दाखवलेले आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या सदस्यांनी १९३९ साली चांद्रयानाचा आराखडा मांडला. त्या संस्थेचे चित्रकार आर. ए. स्मिथ यांनी पुढे काढलेल्या चित्रांत यंत्ररचनेचा काटेकोरपणा दिसतो.

'कॉलियर्स' व बोनस्टेल

या कलाप्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकन चित्रकार चेसली बोनस्टेल (१८८८–१९८६) यांच्यामुळे. त्यांचे शिक्षण वास्तुकलेचे होते. इमारती व पुलांची बांधकामपूर्व चित्रे काढणे आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी पार्श्वभूमी रंगवणे, अशा दोन्ही कामांत त्यांचा हात तयार झाला होता. न बांधलेली वस्तू बांधल्यासारखी दाखवण्याची सवय त्यांना तेथूनच लागली असे म्हणता येते. टायटन या उपग्रहावरून दिसणाऱ्या शनीचे त्यांचे चित्र १९४४ साली 'लाइफ' नियतकालिकात आले. विली ले यांच्यासोबतचे 'द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस' हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले.

मार्च १९५२ ते एप्रिल १९५४ या काळात 'कॉलियर्स' या अमेरिकन साप्ताहिकाने अंतराळप्रवासावर आठ भागांची लेखमाला छापली. तिचे प्रमुख तज्ज्ञ रॉकेट अभियंता वेर्नहर फॉन ब्राउन होते. चित्रे बोनस्टेल, फ्रेड फ्रीमन आणि रोल्फ क्लेप यांनी काढली. फॉन ब्राउन मोजमापांसह आकृत्या पाठवीत, चित्रकार त्यांवरून कच्चे रेखाटन करीत आणि ते पुन्हा तपासले जाई. रंगीत चित्र तपासणीनंतरच तयार होत असे. अभियंता व चित्रकार यांच्यातील ही देवघेव पुढील सर्व दर्जेदार संकल्पचित्रांचा नमुना ठरली.

लेखमालेचा शेवटचा भाग मंगळप्रवासावर होता. त्याचा आधार फॉन ब्राउन यांचे 'दास मार्सप्रोयेक्ट' (१९५२) हे पुस्तक होय. त्यातील योजना अवाढव्य होती : १० याने, ७० प्रवासी, आणि ही याने पृथ्वीच्या कक्षेत जोडण्यासाठी ४६ वाहक रॉकेटांच्या ९५० फेऱ्या. ही भव्यता चित्रांत दिसते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांतील मूळ यानांना टोकदार नाक नाही, पंख नाहीत. कक्षेतच जोडायचे आणि वातावरणात कधीच न शिरणारे यान निमुळते असण्याचे कारण नाही. म्हणून गोल टाक्या, उघडा सांगाडा आणि त्याला लटकलेली निवासकोठी असे एक बेढब रूप पुढे आले. तोपर्यंत अंतराळयान म्हणजे शेपटीला पंख असलेला रुपेरी बाण, अशी वाचकांची समजूत होती. ती मोडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या चित्रांना जाते.

मंगळावर उतरण्यासाठी मात्र त्यांनी प्रचंड पंखांची ग्लायडर विमाने योजली होती. मंगळाचे वातावरण विरळ असले तरी पंखांना पेलण्याइतके दाट आहे, असा तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज होता. १९५६ साली ले व फॉन ब्राउन यांचे 'द एक्स्प्लोरेशन ऑफ मार्स' हे पुस्तक बोनस्टेल यांच्या चित्रांसह आले. त्यात मोहीम १२ माणसे व दोन यानांवर आली, पण पंख कायम राहिले. जुलै १९६५मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि तेथील वायुदाब पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी असल्याचे कळले. ती सुंदर ग्लायडर विमाने एका मोजमापाने निकालात निघाली. बोनस्टेल यांच्या टायटनवरील निळ्या आकाशाचेही तेच झाले : १९८०मध्ये व्हॉयेजर १ ने पाहिलेला टायटन नारिंगी धुरक्याने असा वेढलेला आहे की पृष्ठभागावरून शनीचे तसे दर्शन घडणे नाही. म्हणून अशी चित्रे खोटी ठरत नाहीत. त्या दिवसापर्यंत जे ज्ञात होते त्याच्याशी ती प्रामाणिक होती.

श्टूलिंगर यांचे 'छत्री-यान'

फॉन ब्राउन यांचे सहकारी एर्न्स्ट श्टूलिंगर यांनी अणुभट्टीच्या विजेवर चालणाऱ्या आयन इंजिनाचे यान सुचवले. ४ डिसेंबर १९५७ रोजी प्रसारित झालेल्या डिस्नेच्या 'मार्स अँड बियाँड' या कार्यक्रमात ते दाखवले गेले. ते उघडलेल्या छत्रीसारखे दिसते. पाहणाऱ्याला ती छत्री म्हणजे सौरपटल किंवा अँटेना वाटते. प्रत्यक्षात ती उष्णता बाहेर टाकणारी तबकडी, म्हणजे रेडिएटर आहे. यानाचा सर्वांत मोठा अवयव उष्णता फेकण्यासाठी खर्च झालेला दाखवणारे हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध जुने संकल्पचित्र असावे, आणि वास्तवतेच्या कसोटीवर ते आजही टिकते.

अणुरॉकेटांचा काळ

१९६०च्या दशकात अमेरिकेत अणुऔष्णिक रॉकेट इंजिनाच्या, म्हणजे नर्व्हा प्रकल्पाच्या चाचण्या नेव्हाडाच्या वाळवंटात होत होत्या. त्या भरवशावर जानेवारी १९६८मध्ये बोईंग कंपनीने नासासाठी सहा प्रवाशांच्या मंगळयानाचा सविस्तर आराखडा दिला. यानाची लांबी १७५ मीटरांहून अधिक होती आणि तिचा बहुतेक भाग हायड्रोजनच्या टाक्यांनी व्यापलेला होता. ४ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्यानंतर पंधरवड्याच्या आत, फॉन ब्राउन यांनी शासकीय समितीपुढे मंगळमोहिमेची योजना मांडली. तीत प्रस्थानाची तारीखही होती : १२ नोव्हेंबर १९८१. सोबतच्या चित्रांत दोन अणुयाने शेजारी शेजारी निघालेली दिसतात. १९७३च्या आरंभी नर्व्हा प्रकल्प बंद झाला. चित्रे मात्र पुढे अनेक वर्षे पुस्तकांतून छापली जात राहिली आणि ती नियोजित मोहिमेची आहेत असे वाचणाऱ्या मुलांना वाटत राहिले.

याच काळातील ओरायन प्रकल्पात लहान अणुबाँबच्या स्फोटांनी यान ढकलण्याची कल्पना होती. ती १९५८ ते १९६५ अशी टिकली. १९६३च्या अणुचाचणीबंदी कराराने तिचा मार्ग अडवला.

सोव्हिएत संघात परिस्थिती उलट होती. कोरोल्योव्ह यांच्या संस्थेत जड आंतरग्रहीय यानाचे आराखडे तयार होत होते, पण ते गुप्त असल्याने जनतेपुढे आलेली चित्रे त्यांवर आधारलेली नव्हती. अंद्रेई सोकोलोव्ह व अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांनी मिळून काढलेली चित्रे भावपूर्ण आहेत. यंत्ररचनेचा तपशील त्यांत जाणूनबुजून मोघम आहे. लिओनोव्ह यांनी मार्च १९६५मध्ये कक्षेत असतानाच रंगीत पेन्सिलींनी सूर्योदयाचे रेखाटन केले होते. अंतराळात काढलेले ते पहिले चित्र मानले जाते.

१९८० नंतर

१९८१पासून अमेरिकेतील बोल्डर येथे 'द केस फॉर मार्स' या परिषदा भरू लागल्या आणि कार्टर एमार्ट यांसारखे तरुण चित्रकार थेट अभियंत्यांच्या चर्चेत बसून चित्रे काढू लागले. नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रासाठी काम करणारे पॅट रॉलिंग्ज यांची चित्रे या पिढीत सर्वाधिक प्रसार पावली. त्यांच्या चित्रांत माणसे काम करताना दिसतात, उपकरणे वापरलेली व धुळकट दिसतात. २० जुलै १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मंगळाचे ध्येय जाहीर केल्यावर अशा चित्रांचा पूर आला. खर्चाचे आकडे पाहून तो लवकरच ओसरला. १९९० साली रॉबर्ट झुब्रिन व डेव्हिड बेकर यांनी 'मार्स डायरेक्ट' ही तुलनेने स्वस्त योजना मांडली. तिची रॉबर्ट मरे यांनी काढलेली चित्रे लक्षात राहतात ती त्यांच्या साधेपणामुळे : निवासाचे पिंप, आणि लांब दोराच्या दुसऱ्या टोकाला रॉकेटचा रिकामा टप्पा. दोन्ही एकमेकांभोवती फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करतात.

२००३ साली नासाने गुरूच्या कॅलिस्टो उपग्रहापर्यंतच्या समानव मोहिमेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००९च्या मंगळमोहीम आराखड्यात पुन्हा अणुऔष्णिक इंजिने आली. २०११ साली मांडलेल्या 'नॉटिलस-एक्स' या यानाला सहा प्रवाशांसाठी फिरते कडे होते. खासगी कंपन्यांच्या चित्रांचे आयुष्य त्याहून कमी असते. स्पेसएक्सने सप्टेंबर २०१६मध्ये मेक्सिकोत दाखवलेले मंगळयान १२ मीटर व्यासाचे व कार्बन तंतूंचे होते. वर्षभरात व्यास ९ मीटरांवर आला आणि २०१८च्या अखेरीस कार्बनऐवजी पोलाद आले. २०१६ची चित्रे आजही नव्या बातम्यांना चिकटवलेली आढळतात.

वास्तवतेची कसोटी

चित्र छायाचित्रासारखे हुबेहूब असणे आणि त्यातील यान वास्तव असणे या भिन्न गोष्टी आहेत. पेन्सिलीचे साधे रेखाटन पूर्णतः वास्तव असू शकते, आणि संगणकावर घडवलेले झळझळीत चित्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक असू शकते.

उष्णता

सर्वांत उपयुक्त कसोटी उष्णतेची आहे. अंतराळ थंड असते, म्हणून यान आपोआप थंड राहील, असे सामान्यतः वाटते. वस्तुतः निर्वातात हवा नसल्याने उष्णता वाहून नेणारे काहीच नसते. ती केवळ प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकता येते. त्यासाठी मोठी पटले लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या पांढऱ्या, घडीदार रेडिएटरांची मुख्य व्यवस्था सुमारे ७० किलोवॉट उष्णता बाहेर टाकू शकते. आंतरग्रहीय विद्युत इंजिनांना याच्या अनेकपट शक्ती लागते.

एक हिशेब उदाहरणादाखल पाहता येतो. अणुभट्टीतून १ मेगावॉट वीज हवी आहे आणि उष्णतेचे विजेत रूपांतर २० टक्के होते असे मानल्यास, ४ मेगावॉट उष्णता फेकून द्यावी लागते. पटलाचे तापमान ३०० केल्विन, म्हणजे उन्हाळ्यातील खोलीइतके असेल, तर आदर्श पटलाच्या एका बाजूच्या दर चौरस मीटरातून सुमारे ४६० वॉट बाहेर पडतात. दोन्ही बाजू धरल्या तरी सुमारे ४,३५० चौरस मीटरांचे पटल लागेल. कबड्डीची तेहतीस मैदाने त्यात मावतील. पटल १,००० केल्विनपर्यंत तापवले, तर हेच काम सुमारे ३५ चौरस मीटरांत होते, कारण प्रारण तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढते. परंतु मग अणुभट्टी त्याहूनही बरीच तप्त ठेवावी लागते आणि धातू टिकण्याचा प्रश्न येतो. यान थंड व अवाढव्य, की लहान व धोकादायक तप्त, हा अभियंत्याचा पेच चित्रातील पटलाच्या आकारावरून आणि रंगावरून वाचता येतो. १,००० केल्विनचे पटल मंद तांबडे दिसले पाहिजे, ३०० केल्विनचे मुळीच चमकता कामा नये.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नर्व्हासारख्या अणुऔष्णिक इंजिनात उष्णता बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनबरोबरच निघून जाते. त्यामुळे बोईंगच्या १९६८च्या यानाला प्रचंड रेडिएटर नाहीत म्हणून ते चूक ठरत नाही. कसोटी लावण्यापूर्वी इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे पाहावे लागते.

टाक्या, कवच व लांबी

द्रवरूप हायड्रोजनचे एक घनमीटर केवळ ७१ किलोग्रॅम भरते; पाण्याचे १,००० किलोग्रॅम. म्हणून हायड्रोजनवर चालणारे वास्तव यान म्हणजे मुख्यतः टाक्या, आणि एका टोकाला माणसांची लहानशी कोठी. ज्या चित्रात दालनेच दालने आहेत आणि टाकी दिसत नाही, ते चित्र यानाचे नसून तरंगत्या हॉटेलाचे असते.

अणुभट्टी माणसांपासून शक्य तेवढी दूर ठेवतात. मध्ये लांब जाळीदार सांगाडा असतो. भट्टीभोवती सर्व बाजूंनी कवच घातले तर वजन असह्य होते. म्हणून केवळ माणसांच्या दिशेला एक जाड तबकडी ठेवतात. तिच्या मागे, सावलीसारखा, शंकूच्या आकाराचा सुरक्षित प्रदेश तयार होतो आणि यानाचा सर्व भाग त्या शंकूत मावावा लागतो. अणुयानांच्या चांगल्या चित्रांत रेडिएटर भट्टीजवळ अरुंद व पुढे रुंद होत गेलेले, त्रिकोणी दिसतात ते याच कारणाने. तो आकार शोभेसाठी नसतो.

सौरऊर्जेच्या यानांबाबत अंतर महत्त्वाचे. पृथ्वीजवळच्या तुलनेत मंगळापाशी सूर्यप्रकाश सुमारे ४३ टक्के असतो, गुरूपाशी चार टक्क्यांहूनही कमी. गुरूजवळ लहानशी सौरपटले पसरून निघालेले समानव यान ही चित्रकाराची सोय आहे.

कृत्रिम गुरुत्व

फिरते चाक हे अंतराळयानाचे जणू चिन्हच झाले आहे, पण त्याचा व्यास क्वचितच योग्य असतो. मिनिटाला दोन फेरे घेऊन पृथ्वीइतके गुरुत्व मिळवायचे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. मंगळाइतक्या गुरुत्वासाठी सुमारे ८५ मीटर. चाक लहान ठेवून वेग वाढवला तर माणसांना भोवळ येते. मार्स डायरेक्टमधील लांब दोर हा या आकड्यांवरचाच उपाय आहे.

प्रकाश

उन्हात उजळलेले यान आणि पार्श्वभूमीला दाट तारे एकाच वेळी दिसत नाहीत; अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांतील काळेभोर आकाश त्याची साक्ष देते. बोनस्टेल यांच्यासह बहुतेक चित्रकार तारे दाखवतात. ही सूट रसिकांनी मान्य केली आहे. इंजिनामागे लांबलचक ज्वाळा दाखवणे ही मात्र मोठी चूक मानावी लागेल. निर्वातात वायू झपाट्याने पसरतो आणि तप्त हायड्रोजनचा झोत जवळजवळ अदृश्य असतो.

'डिस्कव्हरी'चे उदाहरण

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातील 'डिस्कव्हरी' हे यान या सर्व विवेचनाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याच्या रचनेत फ्रेडरिक ऑर्डवे व हॅरी लँग यांचा मोठा वाटा होता. दोघांनीही पूर्वी फॉन ब्राउन यांच्या संस्थेत काम केलेले होते. पुढे माणसांचा गोल, मागे अणुइंजिन आणि मध्ये लांब कणा, ही मांडणी अभियांत्रिकीला धरून आहे. गोलाच्या आतील फिरत्या चक्राचा सुमारे ११.६ मीटर व्यासाचा, खरोखर फिरणारा देखावा उभारण्यात आला. तेवढ्या चक्रात पृथ्वीइतके गुरुत्व मिळवायचे तर मिनिटाला बारा फेरे लागतील. चित्रपटातील चक्र त्याहून बरेच सावकाश फिरते, म्हणजे तेथील गुरुत्व क्षीणच असणार.

यानाला रेडिएटर नाहीत, आणि हे अज्ञानाने घडलेले नाही. आरंभीच्या रेखाटनांत ते होते. ते पंखांसारखे दिसतात आणि हवा नसलेल्या ठिकाणी पंख कशाला असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल, म्हणून ते काढून टाकल्याचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी नंतर लिहिले आहे. अचूक वस्तू प्रेक्षकाला चूक वाटेल या भीतीने गाळली गेली. त्यानंतरच्या दशकांत 'डिस्कव्हरी'चा लांब पांढरा कणा असंख्य चित्रकारांनी गिरवला, आणि त्यासोबत रेडिएटरांचा अभावही गिरवला गेला.

२००५ साली नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रातील अभियंत्यांनी अणुसंमीलनावर चालणाऱ्या यानाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या यानाला 'डिस्कव्हरी २' असे नाव दिले. लांबी २४० मीटर, पृथ्वीच्या कक्षेतील आरंभीचे वजन १,६९० टन. गुरूपर्यंत ११८ दिवस, शनीपर्यंत २१२ दिवस. त्याचे चित्र पाहिल्यावर चित्रपटाची आठवण लगेच होते, परंतु कण्याच्या दोन्ही बाजूंना मोठे रेडिएटर पसरलेले आहेत. चित्रपटाने काढून घेतलेले अवयव अभियंत्यांनी परत जोडले. अणुसंमीलनाची इंजिने अद्याप अस्तित्वात नाहीत, तेव्हा हे यान 'नजीकच्या' भविष्यात बसते की नाही याविषयी मतभेद संभवतो.

संग्रह व उपलब्धता

अशी चित्रे पुढील मार्गांनी मिळतात. सर्वांत भरवशाचा साठा म्हणजे नासाचा तांत्रिक अहवालांचा खुला संग्रह, एनटीआरएस. येथे चित्र अहवालाच्या आतच असते, त्यामुळे त्यालगतच वजन, इंजिन व वर्ष यांची माहिती सापडते. जुने अहवाल छायाप्रतीवरून घेतलेले असल्याने चित्रे काळपट असतात, हा त्याचा दोष. नासाच्या चित्र व चलचित्र ग्रंथालयात तीच चित्रे स्वच्छ व रंगीत मिळतात, पण तेथील मजकूर अनेकदा दोन-तीन ओळींचा असतो. एकात चित्र शोधावे आणि दुसऱ्यात त्याचा आधार शोधावा, अशी जोडपद्धत अभ्यासक वापरतात. शोधताना 'स्पेसशिप' या शब्दाने चित्रपटांतील यानेच अधिक हाती लागतात. 'आर्टिस्ट्स कन्सेप्ट' या इंग्रजी शब्दांना इंजिनाचा प्रकार किंवा अभ्यासाचे नाव जोडल्यास फळ चांगले मिळते.

अमेरिकेतील सॅन डिएगो एअर अँड स्पेस म्युझियमने आपल्या संग्रहातील विमान व रॉकेट कंपन्यांची मोठी चित्रसंपदा फ्लिकरवर खुली केली आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये बोनस्टेल व रॉबर्ट मॅकॉल यांची मूळ चित्रे आहेत. नासाचा १९६२मध्ये सुरू झालेला कला उपक्रम मात्र वेगळा. त्यात चित्रकारांनी घडलेल्या घटनांचे दर्शन रंगवले आहे, ती संकल्पचित्रे नव्हेत. वाचनासाठी डेव्हिड पोर्ट्री यांचा 'ह्यूमन्स टु मार्स' (२००१) हा नासाने प्रसिद्ध केलेला व विनामूल्य उपलब्ध ग्रंथ सर्वांत उपयुक्त आहे. त्यात १९५० ते २००० या काळातील मंगळयोजनांचा क्रमवार इतिहास आहे. रॉन मिलर यांचा 'द ड्रीम मशीन्स' (१९९३) हा अंतराळयान-कल्पनांचा सचित्र कोशच आहे.

पडताळणी

चित्राचा उपयोग शालेय प्रकल्पात, व्याख्यानात किंवा लेखात करावयाचा असल्यास चार गोष्टी नोंदवणे आवश्यक ठरते : चित्रकार, वर्ष, ज्यासाठी चित्र काढले तो अभ्यास, आणि तो अभ्यास आज चालू आहे की बंद. यांतील चौथी गोष्ट बहुधा वगळली जाते आणि गैरसमज तेथूनच सुरू होतो. १९६९च्या योजनेत मंगळप्रस्थान १९८१मध्ये होते. १९९०मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २०१९ साल सांगितले. २०१०मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०३०च्या दशकाचा मध्य सांगितला. तारखेविना छापलेले चित्र या तिन्हींपैकी कोणत्याही वचनाला जोडता येते. संकल्पचित्रे निधी मिळवण्यासाठी, कंत्राट जिंकण्यासाठी व लोकमत घडवण्यासाठीही काढली जातात. चित्रात जे दाखवणे गैरसोयीचे, ते त्यात नसते. ऑगस्ट १९७२मधील तीव्र सौरवादळ अपोलो १६ व अपोलो १७ या मोहिमांच्या मधल्या काळात येऊन गेले. अशा वादळापासून बचावाची कोठी आंतरग्रहीय यानात अनिवार्य आहे, पण पाण्याच्या किंवा धान्याच्या साठ्याने वेढलेली ती अंधारी खोली प्रचारचित्रात जवळजवळ कधीच आढळत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली चित्रे शोधयंत्रांत मोठ्या संख्येने मिसळली आहेत. त्यांना अहवाल नसतो, वर्ष नसते. कशालाच न जोडलेल्या नळ्या, सूर्याकडे पाठ केलेली सौरपटले, फिरण्याची सोय नसलेले फिरते कडे, अशा खुणांवरून ती ओळखता येतात; पण या खुणा दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून चित्राचे मूळ स्थान सापडणे हाच खात्रीचा पुरावा ठरतो.

प्रताधिकार

अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर त्या देशात प्रताधिकार नसतो. त्यामुळे नासाची पुष्कळ चित्रे मुक्तपणे वापरता येतात व ती विकिमीडिया कॉमन्सवरही आहेत. परंतु कंत्राटी चित्रकाराने किंवा खासगी कंपनीने काढलेले चित्र नासाच्या संकेतस्थळावर असले म्हणून आपोआप मुक्त होत नाही. चित्राखालील श्रेयओळ पाहावी लागते. नासाचे बोधचिन्ह वापरण्यावर वेगळे निर्बंध आहेत. जुनेपणाही पुरेसा नसतो : भारतात प्रताधिकाराची सर्वसाधारण मुदत कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे, आणि बोनस्टेल १९८६ साली निवर्तले. चित्रपटांतील यानांच्या प्रतिमा निर्मात्यांच्या मालकीच्या असतात.